आधी कंदील

आंतरराष्ट्रीय कक्ष म्हणजे
जिमखान्यामागची खोली.
कपाटात अजून लेझमांचा गठ्ठा आहे,
पंखा लागला की आपोआप किणकिणतो.
भिंतीवर जगाचा नकाशा, त्यात सांगली नाही.
मी पेनानं ठिपका दिला होता,
फडकं फिरून फिरून
तो अरबी समुद्रात सरकलाय.

माझं काम : परदेशी मुलांचे फॉर्म भरणं,
पोलिसांकडे दोन प्रती पोचवणं,
मेसवाल्याला सांगणं की तिखट कमी म्हणजे कमी,
आणि कुलगुरूंच्या भाषणात
'वैश्विक संवाद' निदान दोनदा आलाय का ते बघणं.

हिरुत दिवाळीनंतर आली, हरारहून,
धान्य-साठवणुकीच्या अभ्यासाला.
एक दिवस म्हणाली, मॅडम, गोदामं पुष्कळ झाली.
जमिनीच्या पोटातलं काही आहे का इथं?

मग हरिपूर.
रिक्षात तिच्या मांडीवर ओलावा मोजायचं यंत्र,
गचका बसला की ती त्याला पोटाशी धरायची.

बाबालाल मुजावर वय विचारलं तर
महापुरापासून मोजून सांगतात.
'पेवं शेकड्यानं होती. पाणी शिरलं.
नदीला हळद लागली बाई,
अन् लगीन काय झालं न्हाई.'
मी हे इंग्रजीत सांगायला गेले
आणि नुसतंच सांगितलं, नुकसान झालं.

राहिलेल्या एका पेवाचं तोंड त्यांनी मोकळं केलं.
हिरुत यंत्र घेऊन वाकली.
'थांब पोरी.' चाचांचा हात आडवा.
'आधी कंदील. इझला, तर मानूस जायचा न्हाई.'

मी भाषांतराला तोंड उघडेपर्यंत
ती मागं सरली होती.
आमच्याकडे घरातच खड्डा असतो, म्हणाली,
शेणानं सारवलेला. आधी दिवा सोडतात.
माझ्या एका मावशीनं सोडला नव्हता.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
कंदील खाली जळत होता.
दोरी चाचांच्या हातात होती,
मग बघते तर तिच्या.

'काय ठिवता त्यात?'
'माशिला.' तिनं फोनवर कणीस दाखवलं.
'शाळू की गं ह्यो! आमचा, जतचा.'
'आमचा,' ती म्हणाली. 'इकडे तिकडूनच आलाय.'
मी ते जरा मऊ करून सांगितलं.
'नीट सांग. काय म्हनली?'
नीट सांगितलं.
चाचा पुन्हा पुन्हा त्या कणसाकडे बघत राहिले,
भाडेकरू समजलो तो घरमालक निघावा, तसे.

तिनं विचारलं, ही हळद तुमची?
'व्यापाऱ्याची.'
पेव?
'त्येबी.'
मग तुमचं काय?
हे मला भाषांतरित करता आलं नाही.
आलं असतं, केलं नाही.
चाचांना तरी पोचलं.
कंदील वर घेऊन काच पुसत म्हणाले,
'ह्यो माझा. आन् दोरी.
दोरी जुनी झाली.'

अहवालात एक रकाना असतो : निष्पत्ती.
मी लिहिलं, कंदील.
साहेबांनी हिरव्या शाईनं खोडून
'सांस्कृतिक आदानप्रदान' केलं.
त्यांचंही खरं. तपासणी समिती आली
तर कंदील कुठल्या फायलीत लावणार?

हिरुतला जाऊन आता चार महिने झाले.
आज सकाळी तिनं आवाज पाठवला, वीस सेकंदांचा.
म्हातारा माणूस, मागं शेळी,
खोकला, आणि शेवटी प्रश्नासारखं चढलेलं काहीतरी.
तीनदा ऐकलं. मग खालची ओळ वाचली :
आजोबा विचारतात,
त्या माणसाला नवी दोरी मिळाली का?

टेबलावर भाषण पडलंय,
'संवाद' अजून एकदाच आलाय त्यात.
मी कपाट उपसलं.
लेझमांखाली रस्सीखेचीचा दोर सापडला,
पण तो फार जाड, कंदिलाच्या कडीत जायचा नाही.

गणपती पेठेतली दुकानं
दहाला उघडतात.