पाठीवर मावेल तेवढं

अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात
माझं बाइंडिंगचं दुकान. जिनगर आम्ही.
आजोबा खोगिरं शिवायचे, मी प्रबंध शिवतो.

झेलिहा आली मंगळवारी. गाव कायसेरी, तुर्कस्तान.
तीन प्रती इंग्रजी, एक मराठी,
खोली देणाऱ्या तावरेबाईंना वाचता यावी म्हणून.
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, शुक्रवारपर्यंत.
बोलताना अडखळायची, पण 'ळ' स्वच्छ.

इंग्रजीचं जमलं. अडलं मराठीवर.
धर्म, राज्य, लोकशाही, त्यात निरपेक्षता,
एवढं नाव, बाई, या पाठीवर कुठे बसवू?
खिळे पितळी, मोजके. काहीतरी गाळा.

ती स्टुलावर बसली.
चहा आला, निवला.

"आई शिकायची तेव्हा
विद्यापीठाच्या फाटकाशी रुमाल सोडावा लागे.
ती टोप चढवायची, परक्या केसांचा,
आणि आत जाऊन शरीरशास्त्र शिकायची.
ज्यांनी रुमाल परत दिला
त्यांनाच ती मत देते. अजून.
माझ्या सरांना एका सहीपायी
घरी बसवलं, तेही त्यांनीच.
फोनवर आम्ही लोणच्याबद्दल बोलतो."

मग हसली.
"तिकडे मी पुरेशी मुसलमान नाही.
इथे नारायण पेठेत नुसतं नाव सांगितलं
तर खोली कालच गेलेली.
पाटी मात्र महिनाभर लटकत होती."

मी कात्री पुसली, उगाच.
मतदानाची शाई नखाच्या कडेला होती अजून.
घरात मीही थोरल्या भावाशी
लोणच्याबद्दलच बोलतो.

काय बोलावं सुचेना, म्हणून पुठ्ठा दाखवला:
हे बघा, पुठ्ठा आणि पाठ यांच्यामध्ये
पेन्सिलभर फट सोडायची.
नवी पोरं सरस भरून बुजवतात. घट्ट दिसतं.
पण मग पुस्तक उघडत नाही,
जोर केला की पहिलंच पान फाटतं.

तिनं फटीवरून नख फिरवलं.
"'धर्म आणि राज्य', एवढंच घाला."

'आणि' काढलंत तर अक्षरं मोठी घेता येतील.

"नको. चार वर्षं त्या 'आणि'वरच गेलीत."

शुक्रवारी 'णि' जरा वाकडा बसला.
तिनं उजेडात धरून पाहिला,
चालेल म्हणाली,
आणि सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी
पुणेरी वाद घालून गेली.