हवा काढताना

कासमभाईच्या भंगारात तीन एक्सल निघाले,
जिपचा, अँबेसिडरचा, आणि कॉन्टेसाचा एक,
ज्याच्या आडोशाला कोंबडी अंडी उबवत होती.
"नेशील तं हप्त्यानं ने," तो म्हणाला,
"तिचं होऊ दे आधी."

जिपचा गोळा उजवीकडं सरकलेला,
वरातीत नवरदेवाचं बाशिंग सरकावं तसा.
माझ्या छत चार इंच कापलेल्या फियाटला
इंजिन मधोमध. तिरपा दांडा किती दिवस फिरणार?

कॉन्टेसाचा सुतळीनं मोजला,
दोन गाठी मारून सुतळी खिशात घातली.
घरी येऊन फियाटच्या पोटाखाली धरली,
दोन्हीकडं चार-चार बोटं बाहेर.

अँबेसिडरचा आणून विटांवर ठेवला.
चाकांना खडूची रेघ, दांड्याला खडूची रेघ.
लांजेवारांचं पोट्टं त्या बाजूनं, मी या बाजूनं,
दोघांनी मिळून चाकांचा एक फेरा.
दांडा साडेचारदा फिरला, आणि वर एक बोट.
पोट्ट्याला पटलं नाही. त्यानं पुन्हा मोजलं.
साडेचार, आणि वर एक बोट.

आर्वीत सगळ्यांचा प्रश्न एकच: "किती पयते?"
पानठेल्यावरचा बंडू, लाइनमन बोबडे,
संत्र्याच्या पेट्या ठोकणारी पोरं.
कॉन्टेसाचाच गोळा टाक, शंभराच्या वर जाईल.
जाईल कुठं?
पुलगावपर्यंत सोळा गतिरोधक.
आठ मी डोळ्यांनी मोजले, आठ पाठीनं.

दिवाकर काही विचारत नाही.
अकरा वर्षं झाली.

माझ्या पहिल्या गाडीला ब्रेक फक्त मागं होते,
टेम्पोचे ड्रम,
त्यातही एकाचा लायनर तेलात भिजलेला.
मला माहीत होतं.
सोमवारी बदलणार होतो.
रविवारी तळेगावच्या उतारावर दिवाकर होता,
मी नव्हतो.

या वेळी पुढं डिस्क, मागं अँबेसिडरचे ड्रम,
मीच लेथवर घासले, आतून तोंड दिसेल इतके.
कटोऱ्या नव्या. नळ्या पोलादी;
तांब्याची सहज वाकते, म्हणून स्वस्त पडते,
म्हणून नको.
सगळी बिलं बिस्किटाच्या डब्यात ठेवलीत.
कुणी मागितली नव्हती.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात.
पोट्ट्याचा त्या दिवशी बारावीचा पेपर.
उन्हं कलली तेव्हा शेडच्या दारात
काठीचं रबर घासल्याचा आवाज आला.

सीट अजून बसवली नव्हती, उलटा क्रेट होता.
तो त्यावर बसला,
उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून
पायडलवर ठेवला.
त्या पायात सळई आहे, थंडीत ठणकते,
हे मला वहिनीकडून कळलेलं.

मी गाडीखाली. मागचं डावं चाक आधी,
सगळ्यात लांबचं.
"दाब."
"दाबला."
"धर."
"धरला."
निप्पल अर्धा फेरा सोडला.
बाटलीतल्या तेलात बुडबुडे आले,
भाताला आधण यावं तसे, गडबडीनं.
निप्पल आवळला.
"सोड."
"सोडला."

मग मागचं उजवं. मग पुढची दोन्ही.
कोपरावर तेल ओघळलं, आग झाली,
पुसायला हात मोकळा नव्हता.
दोघांमध्ये चार शब्द,
तेच फिरून फिरून,
आणि अकरा वर्षांत इतकं बोलणं
झालं नव्हतं.

शेवटच्या चाकाला बुडबुडे थांबले.
नळीतून नुसतं तेल, मधाच्या रंगाचं, सलग.
मी आवळलं. पुन्हा म्हणालो,
"दाब."
"दाबला."
"धर."
"धरला."
पुन्हा म्हणालो. पुन्हा.

वरून आवाज आला,
"हवा तं केव्हाचीच संपली बे.
पायाले समजते."

मी तसाच पडून राहिलो.
गाडीच्या पोटाला एका जागी रंग लावायचा राहिला होता.
वर त्यानं हँडब्रेक ओढून पाहिला,
दोनदा, तीनदा, करकर.

"याची तार ढिली हाय," तो म्हणाला.
"पाना दे."