समोरचा पुतू

कुडचड्याच्या बाजारात, स्टेशनच्या वाटेवर,
रस्त्याच्या ह्या बाजूला मी, हॉटेल समृद्धी:
बावीस टेबलं, एसी, भिंतीएवढा आरसा,
मेन्यूकार्डावर सात तऱ्हेचे डोसे.
त्या बाजूला पुतू गांवकर:
तीन बाकडी, वर पत्रा,
पातळ भाजी, सुकी भाजी, उंडो, चहा.
संपलं.

आणि लोक तिकडे.

सात वर्षं गल्ल्यावर बसून त्याचं गुपित शोधलं.
आधी वाटलं, खोबरं.
पोराला पाठवून भाजी आणवली,
बोटानं चाटली, आचाऱ्याला चाटवली.
आचारी म्हणाला, आपलीच बरी.
खरंच आपलीच बरी होती.
मग वाटलं, दर. दोन रुपये उतरवले.
तरी माणसं रस्ता ओलांडत राहिली,
खनिजाचे ट्रक चुकवत,
तोंडावर रुमाल धरून.

मग नुसता बघत बसलो.

बँकेतल्या त्या मुलीला ऐकू येत नाही.
तिच्याशी बोलताना पुतू कढई सोडून वळतो,
तोंड उजेडात आणतो,
ओठ सावकाश हलवतो. ओरडत नाही.
बागलकोटच्या ड्रायव्हरला बाकड्याचं ते टोक,
जिथून त्याला आपला ट्रक दिसतो.
गवंडी चुन्याचे हात घेऊन आला की
आधी तांब्या, मग बशी.
कॉन्सेसांव मावशी हॉस्पिटलातून परतल्यापासून
तिचा उंडो तुकडे होऊन येतो, आतूनच,
तिचे हात थरथरतात हे कुणाला दिसू नये म्हणून.
मला दिसलं. मला दुसरा धंदा काय होता?

पोरांना शिकवलं, हसा.
पोरं हसली.
गिऱ्हाइकं पाकीट चाचपू लागली.

एका सोमवारी, दुपारी चारला,
सुट्ट्या पैशांचं निमित्त काढून गेलो शेवटी.
पाचशेची नोट अजून खिशातच होती, तोवर
पुतूनं डब्यामागून पुरचुंडी काढली:
दहाच्या, वीसच्या, मोजून, रबर लावून.
"सोमवारी तुमका सुट्टे उणे पडतात," म्हणाला.
"तुमचो चेडो सगल्या दुकानांनी भोंवता."

मी उभाच.
त्यानं फडक्यानं बाकडं पुसलं.
"बसात मरे. तुमी सदांच उबे रावून जेवतात.
गल्ल्याफाटल्यान. घाईघाईन."

म्हणजे सात वर्षं मी त्याच्याकडे बघत होतो
आणि तोही माझ्याकडे.
फक्त मी हिशेब बघत होतो
आणि तो, मी बसतो का ते.

बसलो.
भाजीत मीठ बेताचं होतं.
विचारलं नाही. फार्मसीचा पोरगा दर महिन्याला
माझ्याकडे कसली पिशवी घेऊन येतो,
हे रस्त्यापलीकडून दिसत असणार.
चहा बिनसाखरेचा. तोही बरोबर.
किती वर्षांनी पाठ टेकून खाल्लं!
खरं तर पाठ टेकायला तिथं काहीच नव्हतं,
मागे नुसता नळाचा पाईप.

परतलो. पंखा, एसी, आरसा.
आरशात मीच, बावीस टेबलांत उभा.
कोपऱ्यात एक पोरगा डाव्या हातानं डोसा तोडत होता.
मी जवळ गेलो, ग्लास उचलून डावीकडे ठेवला,
आणि उगाच शहाणपणानं विचारलं,
"डावरा काय रे तू?"
तो दचकला.
टेबलाखालून उजवा हात वर काढला:
मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टर.

एवढं मोठं, पांढरंशुभ्र प्लॅस्टर
मला दिसलं नव्हतं.

काय बोलावं सुचेना. त्याची बशी ओढली
आणि डोशाचे तुकडे करू लागलो, तिथंच, सगळ्यांसमोर.
मग आठवलं, आतून करायचे असतात.
पोरगा म्हणाला, "राहू द्या, चालतंय,"
आणि खाऊ लागला.

पलीकडे पुतू पाठमोरा बश्या विसळत होता.
त्यानं हे पाहिलं की नाही, ठाऊक नाही.

पाहिलं असणार.