फोटोत मागे

टेपचं एक टोक माझ्याकडं, दुसरं सदाशिव हारुगलेकडं.
तो गटारावरून उडी मारतो, पलीकडच्या पायरीला टोक टेकवून ओरडतो,
"घ्या सायेब!"
सत्तावीस फूट चार इंच.
मी वहीत लिहितो. भिंतीवर तांबडा आकडा पडतो: म / ४१.
म म्हणजे महाद्वार. मोबदल्याचा म नव्हे,
हा खुलासा दिवसातून दहादा करावा लागतो.

एक्केचाळीस म्हणजे कवठेकरांची इमारत.
खाली तीन गाळे: चपला, साज-वज्रटीक, घड्याळ दुरुस्ती.
वर लॉज. पाटीवरचं नाव उडालंय,
"उत्तम सोय" तेवढं शिल्लक.
गॅलरीला बिडाचे मोर. एका मोराला मान नाही,
त्या खुंटाला रोज सकाळी दुधाची पिशवी.
मोजणीच्या पत्रकात मोराला रकाना नाही.
मी "इतर"मध्ये लिहिलं. वरच्यांनी खोडलं.

"काका, एक फोटो काढता?"
विजयपूरची मंडळी, पायांत नव्या करकरत्या चपला.
हातात टेप असला की माणूस भरवशाचा वाटत असावा.
"शिखर पूर्ण येऊ द्या. ती बाजूची बिल्डिंग नको."
मी डावीकडं सरतो. बिल्डिंग येते.
उकिडवा बसतो. येतेच.
इतक्या चिंचोळ्या रस्त्यात काही टाळता येत नाही,
म्हणूनच तर तो रुंद करायचाय.

घड्याळवाले गुलाब मुजावर डोळ्यावरचं भिंग काढत नाहीत.
"मोजा की वो. बाप म्हणायचा, हात पसरले की
दोन्ही भिंती लागल्या पायजेत,
हत्यारासाठी उठायला नको."
त्यांनी हात पसरले.
लागल्या.
मी साडेपाच फूट लिहिलं, टेप न लावता.

कार्यालयात नव्या रस्त्याचं चित्र लावलंय.
झाडं सगळी एका उंचीची.
चित्रातल्या एकाही माणसाच्या हातात पिशवी नाही,
कुणी भाव करत नाही, कुणाचं पोर हरवलेलं नाही.
सदाशिवनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं,
"हितं सावलीला बसायचं कुठं?"

किरणोत्सवाच्या आधी मला गच्च्यांवर धाडतात,
मावळत्या उन्हाच्या वाटेत कुणाची टाकी येते बघायला.
एक्केचाळीस नंबरचं कधीच काही आलं नाही.
ज्यानं बांधली त्यानं वरचा मजला मुद्दाम बुटका ठेवला होता.
लॉजमधलं उंच गिऱ्हाईक चौकटीत कपाळ आपटून घ्यायचं,
शिव्या द्यायचं,
आणि ऊन त्याच्या डोक्यावरून आत देवीकडं जायचं.

पाडली बुधवारी. मंगळवार-शुक्रवार गर्दी असते.
दुपारच्या जेवणापर्यंत आटोपलं.
मोर भंगारात किलोवर गेले,
बिनमानेचाही त्याच भावानं.

पुढच्या वर्षी तीच मंडळी. मी ओळखलं नाही, त्या बाईंनी ओळखलं.
"काका, इथं एक बिल्डिंग होती ना?
आम्ही तिच्या खुणेनं चपलेचं दुकान शोधतोय."
मी सांगितलं. त्यांनी फोन काढला,
दोन बोटांनी चित्र ताणलं:
गॅलरी, पाटीवरचं "सोय", खुंटाला पिशवी.
आणि खालच्या अंधारात एक पांढरा ठिपका,
मुजावरांचं भिंग.
"तुमचा फोटो उगीच गचाळ आला," मी म्हटलं.
पोरगा म्हणाला, "त्यात काय, मागचं पुसता येतं आता,
एका टिचकीत."
त्याचं बोट काचेवर आलंही होतं.

"जरा थांब," म्हटलं.
खिशातून टेप काढला. सदाशिव सवयीनं पुढं झाला,
फोनच्या कडेला त्यानं टोक धरलं
आणि अगदी हळू म्हणाला,
"घ्या सायेब."
पाऊण इंच.
मी वहीत लिहिलं.