पिठातला पाऊस

वाळपईच्या केंद्रावर तीन दिवस वीज नाही.
थेंब मोजणारं लेझरचं यंत्र
ताडपत्रीखाली डोळा मिटून बसलंय.
म्हणून जुनी रीत:
पसरट ताटात चाळलेला मैदा, वर झाकण.
उगम गावस घड्याळ बघत म्हणतो, "आता."
मी झाकण काढते,
चार सेकंद मैद्याला पाऊस दाखवते
आणि पुन्हा झाकून घेते,
बाहेरचं वारं लागू नये तसं.

आत येऊन बघावं तर
प्रत्येक थेंबानं आपापल्यापुरतं पीठ
अंगाशी ओढून घेतलेलं.
थोरल्याची गोळी मसुरीएवढी,
धाकटे मोहरीहून बारीक.

भाजायला इनास पदेराची भट्टी.
पहाटेची पोई सायकलींवरून गावात गेली
की विटांत जी धग उरते
तिच्यात माझं ताट सरकतं.
"हे कोण खातलो?" तो विचारतो.
मी सांगू लागते:
वर कण फार झाले की पाणी वाटलं जातं,
प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं,
कुणीच पडण्याइतकं जड होत नाही.
ढग मग तसाच भरलेला
चोर्ल्याचा घाट चढून पलीकडे जातो,
खाली अंजुणेचं धरण बघत राहतं.

"कण म्हणजे?"
समुद्राचं मीठ. पिसुर्ल्याची लाल धूळ. धूर.

धूर म्हटल्यावर त्यानं धुराड्याकडे पाहिलं.
"म्हजोय?"
तुझाही. आठवडाभर तरंगतो फार तर,
मग धुऊन खाली येतो.
"आठवडो," तो म्हणाला,
उधारी किती दिवसांची ते विचारावं तसा.
कुठल्या थेंबात कुणाचा धूर
हे मात्र मला सांगता आलं नाही.
सतरा ताटांवरून तर नाहीच.
पुढच्या वर्षी कदाचित,
अनुदान आलं तर,
वीज राहिली तर.

चाळण्या लावल्या. जाडीनुसार ढीग केले.
काट्यावर पहिली चिमूट ठेवतेय तोवर
इनासनं एक गोळी उचलून दाताखाली फोडली,
डोळे मिटले,
रोज पहिला उंडा चाखताना मिटतो तसे.

"मीठ उणें."

वहीत लिहिलं: ताट सतरावं,
काल संध्याकाळी सहा दहा,
जोराची सर, वारा पश्चिमेचा,
एक थेंब कमी.
शेऱ्याचा रकाना बराच वेळ कोरा राहिला.
मग उगमनंच पेन घेतलं:
पदेरानं चाखला.