एकेचाळीस

भिंतीत दोन सुया टोचल्या की यंत्र ओल सांगतं.
अठरापर्यंत ठीक.
फालेओलोंच्या न्हाणीमागे एकेचाळीस.
सुया उपसल्या तेव्हा टोकांना पिवळट भुसा,
कुजलेल्या पाइनचा;
मी तो, का कोण जाणे,
रुमालात पुसून खिशात ठेवला.

फाईल काढली तर सही माझीच.
नोलीन स्ट्रॅकन, तपासनीस, नगर परिषद.
डायरी म्हणते त्या दिवशी सात घरं पाहिली,
हे सातवं. साडेचार वाजलेले,
दक्षिणेचा वारा पाऊस आडवा मारत होता
आणि खिडकीवरचा पाणी वळवणारा पत्रा
आधीच प्लास्टरखाली गेलेला.
"बसवलाय ना?"
"बसवलाय," ठेकेदार म्हणाला.
त्याच्या कुत्र्याने माझा बूट हुंगला.
मला कुत्रा तेवढा स्पष्ट आठवतो.

ठेकेदाराची कंपनी आता नाही.
त्याच पत्त्यावर, त्याच फोनवर
दुसरी आहे, काल जन्मल्यासारखी निष्पाप.
प्लास्टरवाले गाशा गुंडाळून ऑस्ट्रेलियाला गेले.
आर्किटेक्ट वारला.
परिषद कुठे जाणार?
तिचं नाव पाण्याच्या टाकीवर
हातभर अक्षरांत रंगवलंय.

जुना कायदा: शेवटी उभा राहील त्याने सगळ्यांचं फेडावं.
फेडलं. तीन निकालांत
वाचनालय बुधवारी बंद झालं,
तलावाचं पाणी गार,
आणि दर सभेत कुणीतरी उठायचंच,
"भिंती त्यांच्या, घरपट्टी आमची का वाढते?"

आता नवा येतोय. ज्याचा त्याने वाटा उचलायचा.
वकिलाने पडद्यावर भाकरीएवढं वर्तुळ काढलं,
त्यात आमचा चतकोर, तोही जेमतेम.
बिस्किटांची बशी फिरली. महापौरबाई हसल्या.
मीही सुस्कारा सोडला, खोटं कशाला बोलू.
मग पाहिलं, सर्वांत मोठा तुकडा राखाडी,
त्यावर नाव बुडालेल्या कंपनीचं.
हा कोण भरणार?
वकील पाणी प्यायला.
"विमा असेल. पुढच्या घरांना."
आणि मागच्या?
"मागच्यांना जुनाच. पण दहा वर्षांची मुदत आहे.
तारखेचा विषय आपण होऊन काढू नका."

नऊ वर्षं दहा महिने झालेत.

लोसाने पोरांच्या गाद्या बैठकीत आणल्यात.
धाकटा खोकतो, मग टीव्हीचा आवाज वाढवतो.
आजेसासूने विणलेली लग्नातली चटई
त्याच भिंतीच्या कपाटात होती;
तिने ती अंगणात पसरून दाखवली,
कडेने काळे ठिपके, मुंग्यांच्या रांगेसारखे.
रागावली नाही. चहा विचारला.
रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

हल्ली मी दिवसाला तीनच घरं पाहते.
प्लास्टर उघडायला लावते, फोटो काढते.
बिल्डर माझ्या नावाने तक्रारी लिहितात,
साहेब त्या एका जाड पाकिटात साठवतात.

अहवालात आकडा लिहिला, एकेचाळीस.
मग कागद उलटून
पेन्सिलीने एक तारीख. मार्चमधली.
"हे काय?" तिने विचारलं.
"वकील गाठ," म्हटलं, "माझा नव्हे, तुझा."
गाडीत बसल्यावर लक्षात आलं,
तारखेखाली मी सवयीने
सहीसुद्धा केली होती.