उरलेली जाडी

पाइपवर आधी जेली लावायची,
मग बोटाएवढा प्रोब टेकवायचा.
आवाज लोखंडात शिरतो, आतल्या कडेला धडकून
परत येतो,
आणि पडद्यावर आकडा उमटतो.
हे माझं काम. हैमापासून चाळीस किलोमीटर आत,
जिथे धुतलेला टॉवेल
दोरीवर टाकेपर्यंत वाळतो.

लोकांना वाटतं, इथे जमिनीतून तेल येतं.
येतं ते पाणी.
नऊ पिंपं पाणी, खारट, कोमट,
आणि त्यात एक पिंप तेल,
लग्नघरातल्या गर्दीत नवरदेव असावा तसं.
हे पाणी पाइपला आतून खातं,
वर्षाला एक दशांश मिलिमीटर.
बोभाटा नाही. ठिपकासुद्धा नाही बाहेर.

काल सभा झाली. केबिनमध्ये एसीचा गारठा.
मस्कतहून आलेल्या बाईंनी आलेख दाखवला,
थेट दोन हजार साठपर्यंत:
चढ, मग सपाट माथा,
मग लांबच लांब उतार,
आणि उताराखाली पिवळी पट्टी, आरशांची.
उन्हानं वाफ करायची,
वाफेनं खालचं दाट तेल सैल करायचं.
तेल काढायला ऊन!
आमच्यातला एकजण हसला, मग गप्प झाला,
कारण हिशेब बरोबर होता.

सुहैल बिन मुसल्लम मागे बसला होता.
त्याच्या आजोबांनी
पहिल्या भूगर्भवाल्यांच्या गाडीला वाट दाखवली,
बदल्यात तांदळाचं एक पोतं.
"आणि कागद?" मी एकदा विचारलं होतं.
"कागदावर अंगठा होता," तो म्हणाला. "तांदूळ चांगला होता."
काल त्यानं हात वर केला.
"उतार लागेल तेव्हा माझी मुलगी एकतीस वर्षांची असेल.
तिला यातल्या कुठल्या रेघेवर धरलंय?"
बाईंनी लिहून घेतलं.
खरंच लिहून घेतलं, मी पाहिलं.

आज सतराव्या बिंदूवर रंग खरवडला.
हिरवा, त्याखाली करडा, त्याखाली चंदेरी,
आणि सगळ्यात खाली, खिळ्यानं कोरलेलं:
९.५
आणि शेजारी ९७.
नऊचं वळण आपल्याकडचं. शाळेतलं.
कोण असेल? बाणकोटचा? देवरुखचा?
घर बांधून झालं का त्याचं? गुडघे कसे आहेत?
भर उन्हात मी त्या आकड्यासमोर
उकिडवा बसून राहिलो,
फोटोसुद्धा काढायचं सुचलं नाही.

मग प्रोब टेकवला. सहा पूर्णांक आठ.
सत्तावीस वर्षांत दोन पूर्णांक सात गेले.
चार पूर्णांक आठपर्यंत चालतं, त्यापुढे नाही.
म्हणजे या पाइपला अजून वीस वर्षं.
माझ्या व्हिसाला दोन.
आणि आलेखात
दोघांचंही नाव नाही.

खिळा वापरायचा नाही, असा आता नियम आहे;
ओरखड्यातून गंज धरतो.
मी पांढऱ्या पेननं खाली लिहिलं, ६.८.
सुहैलनं पेन मागून घेतलं
आणि शेजारी त्याच्या लिपीत तेच लिहिलं.
त्यांचा आठ आमच्या कौलारू छपरासारखा,
दोन बाजूंना उतरता.
"रंगवाले सोमवारी येतील," तो म्हणाला.
"येऊ देत."

मी जेली पुसली.
पाच मीटरवर अठरावा बिंदू.